नाही म्हणणारं कापड

पडद्यावर अवतरण्याआधी याला पाहिलं, तर कोणी याला कापड म्हणणार नाही. करड्या पार्श्वभूमीवर रेघांची एक जाळी, इतकंच. उभे शंभर आणि आडवे शंभर ठिपके मांडायचे, म्हणजे झाले दहा हजार. प्रत्येक ठिपक्याला थोडं वजन, एक जागा आणि एक वेग द्यायचा. मग ते ठिपके एकमेकांना स्प्रिंगांनी बांधायचे. उभ्या-आडव्या धाग्यांच्या जागी एक जात, तिरक्या कर्णांच्या जागी दुसरी, आणि एक ठिपका सोडून पलीकडच्याला धरणारी तिसरी. मोजल्या तर एकोणसाठ हजार स्प्रिंगा भरतात. पहिली जात कापडाला ताणू देत नाही, दुसरी तिरकं होऊ देत नाही, तिसरी सहजासहजी दुमडू देत नाही. आज वर्गात हा सांगाडा ज्या रूपात शिकवला जातो, ते रूप झाव्हिए प्रोव्हो या फ्रेंच संशोधकाच्या १९९५ मधल्या निबंधातलं आहे.

संगणकातल्या कापडाचं अंग हे असं. स्वभाव मात्र अंगावरून कळत नाही. तो कळायला खिशातला हातरुमाल काढावा लागतो.

रुमाल धाग्याच्या दिशेने दोन्ही हातांनी ओढा. जेमतेम हलेल. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा. लगेच लांबेल आणि मधे चिंचोळा होईल. शिंपी या दिशेला उरेब म्हणतात. पॅरिसच्या मादलेन व्हियोने यांनी १९२० च्या दशकात उरेब कापडावर झगे बेतले आणि फॅशनच्या इतिहासात जागा मिळवली, ती या तिरक्या सैलपणाच्या जोरावर. राहिलं वाकणं. त्यासाठी ओढायचीही गरज नाही. रुमाल एका टोकाला धरला की स्वतःच्या वजनानेच मान टाकतो.

म्हणजे तीन प्रश्नांना याची तीन उत्तरं. ताणू का? नाही. तिरकं करू का? बघू. वाकवू का? वाकव की. सगळी गंमत या तीन उत्तरांमधल्या अंतरात आहे. कोपर दुमडलं की बाहीच्या आतल्या बाजूला जागा कमी पडते. तिथे रबर असतं, तर निमूट आखडलं असतं. कापड आखडायला तयार नसतं. आहे तेवढीच लांबी राखायची आणि जागा तर नाही, मग ते बाहेर उचललं जातं आणि चुण पडते. सुरकुती, चुण, निरी, घोळ, झालर, ज्या ज्या गोष्टींना आपण कापडाची नजाकत म्हणतो, त्या सगळ्या या हट्टाच्या लेकी. हट्ट सैल केला की नजाकतही जाते आणि उरतं ते च्युइंगगम. प्रोव्होच्या जाळीला पहिल्यांदा दोन कोपऱ्यांनी टांगलं तेव्हा तसंच झालं. टाचणीजवळच्या स्प्रिंगा नको तितक्या लांबल्या. मग दहा टक्क्यांहून जास्त ताणलेली प्रत्येक स्प्रिंग पकडून पुन्हा मापात आणायची, असा नियम त्याला घालावा लागला.

खानदान पाहू गेलं तर ते संगणकाच्याही आधीचं निघतं. पाफनुती चेबिशेव हे नाव गणितवाल्यांना मूळसंख्यांमुळे माहीत असतं. या गृहस्थांनी १८७८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान-संमेलनात व्याख्यान दिलं ते कपडे बेतण्यावर. धागे लांबत नाहीत, फक्त उभ्या-आडव्या धाग्यांमधला कोन बदलतो, एवढंच गृहीत धरून गोलावर कापड कसं बसवायचं, याचं गणित त्यांनी मांडलं. कागद चेंडूवर बसत नाही, चुरगळतो. कापड बसतं, ते त्या कोनाच्या मेहरबानीने. पुढे १९३० मध्ये मँचेस्टरकडचे एफ. टी. पियर्स कापडाचा 'हात' मोजायला बसले. दुकानदार जे चिमटीत धरून सांगतो, ते आकड्यात सांगायचं. त्यासाठी पट्टी टेबलाच्या कडेबाहेर सरकवत न्यायची आणि किती लांबीला ती ठरावीक कोनात वाकते ते टिपायचं. कुसिक यांच्या उपकरणात ३० सेंटिमीटर व्यासाची कापडाची चकती १८ सेंटिमीटरच्या तबकडीवर पसरतात आणि लोंबणाऱ्या घेराची सावली मोजतात. सावली जितकी लहान, तितकं कापड सुळसुळीत. क्योटोच्या सुएओ कावाबाता यांनी १९७० च्या दशकात ताण, तिरकी ओढ, वाक, दाब आणि पृष्ठभागाचं घर्षण, अशी सगळी तपासणी एका संचात आणली. डेव्हिड ब्रीन आणि डोनाल्ड हाउस यांनी १९९४ मध्ये हेच आकडे संगणकात घातले आणि तिथलं कापड खऱ्या कापडाच्या शेजारी पडून दाखवू लागलं. गिरणीच्या प्रयोगशाळेत जमलेली माहिती चित्रपटाच्या कामी आली, ती या वाटेने.

संगणकातलं बालपण १९८६ च्या आसपासचं. त्या वर्षी जेरी वाइल यांनी कापड टांगून दाखवलं. दोन टोकांना धरलेली साखळी जो बाक घेते, तो बाक टांगलेल्या बिंदूंमधून काढत जायचं आणि मधली जागा भरायची. चित्र सुरेख येई, पण ते कापड जन्मभर टांगलेलंच. त्याच वर्षी एमआयटीत कार्ल फाइनमन या विद्यार्थ्याने कापडाच्या रूपावर प्रबंध लिहिला. भौतिकशास्त्रातल्या नोबेलविजेत्या रिचर्ड फाइनमन यांचा हा मुलगा. पुढच्या वर्षी दिमित्री तेरझोपूलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थितिस्थापकतेचे नियमच संगणकात उतरवले. वाइलनी कापडाला आकार दिला होता, यांनी स्वभाव दिला. आता ते पडू शकत होतं, फडफडू शकत होतं.

आणि स्वभाव आला की राग आलाच.

याचा राग बघण्यासारखा असतो. संगणक काळ सलग चालवत नाही, पावलं टाकतो. प्रत्येक पावलाला स्प्रिंग किती ताणली आहे ते बघायचं, त्यावरून ओढ काढायची आणि ठिपका सरकवायचा. आता कापडाचा ताणाला नकार कडक, म्हणून ओढ प्रचंड. ठिपका मात्र हलका. तो एका पावलात आपली जागा ओलांडून पलीकडे जातो. पुढच्या पावलाला उलटी ओढ, आधीपेक्षा मोठी. त्याच्या पुढच्याला आणखी मोठी. बघता बघता सदरा खोलीबाहेर, मग क्षितिजाबाहेर, आणि शेवटी यंत्राकडे लिहायला संख्याच उरत नाही. स्टुडिओत म्हणतात, सिम (म्हणजे सिम्युलेशन) फुटलं. यातली मेख अशी की फुटण्याचं कारण तो नकारच. कापड जितकं खंबीरपणे नाही म्हणेल, तितकी पावलं बारीक टाकावी लागतात. आणि पावलं बारीक, तर दोन सेकंदांच्या दृश्याला रात्र पुरत नाही.

डेव्हिड बराफ आणि अँड्र्यू विटकिन यांनी १९९८ मध्ये याची समजूत काढली. त्यांच्या निबंधाचं नाव 'लार्ज स्टेप्स इन क्लॉथ सिम्युलेशन'. आत्ता किती ओढ आहे असं विचारायचंच नाही. पाऊल पडून झाल्यावर किती असेल, ती धरायची. ती तर अजून ठाऊक नाही. म्हणून दहा हजार ठिपक्यांची तीस हजार अज्ञातं एकदमच सोडवायची. ऐकायला हे आगीतून फुफाट्यात वाटतं. पण प्रत्येक ठिपक्याचं नातं मोजक्या शेजाऱ्यांशीच असल्यामुळे समीकरणांच्या त्या अवाढव्य तक्त्यात बहुतेक शून्यंच असतात, आणि काम परवडतं. पावलं मोठी झाली, राग गेला. रागाबरोबर थोडा उत्साहही गेला, कारण या हिशेबात दर पावलाला थोडी ऊर्जा जिरते आणि कापड जडसर हलू लागतं. विशेषतः चुण पडण्याचा क्षण गुळमुळीत व्हायचा. तो क्षण मुळातच तोल जाण्याचा. तो आवरायला म्हणून लोक कापड आणखी जड करत. २००२ मध्ये सोलच्या क्वांग-जिन चोई आणि ह्यंग-सोक को यांनी तो डळमळीत क्षण वगळून थेट चुण पडल्यानंतरच्या स्थितीचंच सूत्र घातलं. तेव्हा कुठे चुण्या पुन्हा झटकन उठू लागल्या, झटकन विरू लागल्या.

या काळात याला नोकरीही लागली होती. १९९५ च्या 'टॉय स्टोरी'चे नायक खेळणी होते, हे फार सोयीचं होतं. दोनच वर्षांनी पिक्सारच्याच 'गेरीज गेम' या लघुपटात बागेत स्वतःशीच बुद्धिबळ खेळणारा म्हातारा आला आणि त्याच्या अंगात जाकीट होतं. म्हातारा हात पुढे करी, तेव्हा जाकीट खांद्यावर ताणलं जाई, काखेत दुमडे. लोकांनी म्हातारा पाहिला, जाकिटाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. या धंद्यात यालाच शाबासकी म्हणतात. २००६ मध्ये बराफ, विटकिन आणि मायकेल कॅस यांना कापडाच्या या कामाबद्दल ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. तो तरी लक्ष गेल्याचा पुरावा मानायचा.

इथवर झाला पहिला नकार. दुसरा याहून अवघड.

खरं कापड खऱ्या कापडातून आरपार जात नाही. त्यासाठी त्याला काही करावं लागत नाही; हा नकार त्याला जन्मतः फुकट मिळालेला असतो. जाळीला त्याची खबरही नसते. एक रेघ दुसरीतून सहज निघून जाते आणि सदरा पोटातून पाठीला येतो. म्हणून जाळीतल्या प्रत्येक त्रिकोणाने दुसऱ्या प्रत्येक त्रिकोणाची चौकशी करायची. आपल्या शंभर बाय शंभरच्या लहानशा तुकड्यात साडेएकोणीस हजारांवर त्रिकोण आहेत, म्हणजे जोड्या एकोणीस कोटींच्या वर, आणि तेही दर पावलाला. एवढी चौकशी कोणी करत नाही. जवळजवळचे त्रिकोण खोक्यांत घालायचे, ती खोकी मोठ्या खोक्यांत, आणि जी खोकीच एकमेकांना शिवत नाहीत त्यांच्यातले त्रिकोण सोडून द्यायचे. उरलेल्यांसाठी मात्र पावलाच्या दरम्यान नेमक्या कोणत्या क्षणी धडक होईल, ते एका घनसमीकरणातून काढायचं.

एवढी धास्ती का? कारण कापडाला आत आणि बाहेर नसतं. चेंडूच्या पोटात ठिपका शिरला, तर तो आत आहे हे कळतं आणि बाहेर ढकलता येतो. कापडाच्या पलीकडे गेलेला ठिपका चुकीच्या बाजूला आहे, हे सांगणारं कोणीच नाही. ती बाजूही तितकीच बरोबर दिसते. एकदा ओलांडलं की ओलांडलं. म्हणून रॉबर्ट ब्रिडसन, रोनाल्ड फेडकिव आणि जॉन अँडरसन यांनी २००२ मध्ये आग्रह धरला की एकही धडक सुटता कामा नये. त्याच वर्षी 'स्टार वॉर्स'मधला योडा पहिल्यांदा पूर्णपणे संगणकात घडवलेला, अंगावर झुळझुळता झगा घेऊन पडद्यावर तलवार खेळला.

पण कापडाने कितीही सोवळं पाळलं तरी अंगाचं काय? चलपटातलं पात्र हात दुमडतं, तेव्हा त्याची कोपरं बरगड्यांत खुशाल घुसतात. कॅमेऱ्यातून दिसत नाही, म्हणून ॲनिमेटर तिकडे बघत नाही. मधे अडकलेल्या कापडाने मात्र जायचं कुठे? एका बाजूने हात बाहेर लोटतो, दुसऱ्या बाजूने पोट, आणि कायदेशीर जागा एकही नाही. 'मॉन्स्टर्स, इंक.'च्या काळात पिक्सारच्या मंडळींना हा छळ पुरेपूर भोगावा लागला. बराफ, विटकिन आणि कॅस यांनी २००३ मध्ये यावर तोडगा दिला. चिमटीत सापडलेल्या कापडाला तेवढ्यापुरतं हाताबरोबर जाऊ द्यायचं. गुंता झालाच, तर दोन कापडं जिथे एकमेकांना छेदतात ती वळणं शोधून कोणता भाग भरकटला आहे ते ओळखायचं, आणि त्याला दंड न करता परत येऊ द्यायचं. चुकीच्या बाजूला गेलेल्याला परतीची वाट ठेवणारा असा हा कायदा.

व्हिडिओ गेममध्ये तर याला विचार करायलाही वेळ नसतो. सेकंदाला तीस, साठ चित्रं, आणि खेळणारा पुढे काय करील ते ठाऊक नाही. डेन्मार्कच्या थॉमस याकोबसेन यांनी २००० सालच्या 'हिटमॅन : कोडनेम ४७'साठी साधा रस्ता धरला. वेग लक्षात ठेवायचाच नाही. आत्ताची जागा आणि मागची जागा, बस. ठिपके जातील तिथे जाऊ द्यायचे, मग दोन ठिपक्यांतलं अंतर जास्त झालेलं दिसलं की दोघांना निम्मं निम्मं जवळ ओढायचं. हीच वाट मथायस म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ च्या सुमाराला राजमार्ग केली. तिच्यात एक खोड होती. दुरुस्तीच्या फेऱ्या वाढवल्या की कापड कडक व्हायचं. म्हणजे जरा चांगला संगणक आणला की रेशमाची जीन व्हायची. ही खोड मोडायला २०१६ उजाडलं.

याच्या नात्यागोत्यात नाना परी आहेत. विणलेला स्वेटर हा चुलतभाऊ. त्याचा धागा ताणला जात नाही, पण सुलट-उलट टाक्यांची वेटोळी सरळ होतात, म्हणून तो अंगाला येईल तसा वाढतो. कॉर्नेल विद्यापीठात २००८ मध्ये जोनाथन काल्डर, डग जेम्स आणि स्टीव्ह मार्शनर यांनी जाळी सोडून त्याचा एकेक धागा चालवला, तेव्हा तो खरा वाटला. 'फ्रोझन'मधला २०१३ चा बर्फ दूरचा नातलग. त्याला मूळ आकाराची आठवण राहत नाही, दाबलं की दाबलेलाच. कापडाची आठवण पक्की. बेतलं तेव्हा प्रत्येक धागा केवढा होता, ते ते विसरत नाही.

मुंबई-पुण्याच्या व्हीएफएक्स स्टुडिओंत याचं खातं सीएफएक्स नावाने चालतं. तिथली मुलं याला क्लॉथ म्हणतात आणि आधी शिंप्यासारखं पुढा, पाठ, बाही असं बेतून, टीप घालून शिवतात. पात्र हात पसरून ताठ उभं असतं, त्याच्या अंगावर कपडा आधी पडू द्यायचा, मग सावकाश पात्राला दृश्यातल्या पहिल्या पवित्र्यात आणायचं. या आधीच्या चालीला प्रीरोल म्हणतात. ती चुकली की पुढचं सगळं चुकतं. मग खरी कसोटी. चित्रपटातलं पात्र तीन चौकटींत, म्हणजे सेकंदाच्या आठव्या भागात, गर्रकन वळतं. असं वळणाऱ्या हाडामांसाच्या माणसाचा परकर जसा डोक्यावर जाईल, तसा इथेही जातो. कापडाने नियम काटेकोर पाळलेले असतात. खोटं वागलेलं असतं ते अंग. दिग्दर्शक मात्र कापडाला बोल लावतो. मग त्या तीन चौकटींपुरतं गुरुत्वाकर्षण वाढवायचं, हवा दाट करायची, कंबरेला न दिसणारी टाचणी मारायची. खरेपणाने वागणाऱ्याला थोडं खोटं वागायला शिकवणं, हे या खात्याचं रोजचं काम.

आता साडी. सदऱ्याला शिवण असते, काजं-बटणं असतात, खांदा असतो. कापडाने कुठे राहायचं ते शिंप्याने ठरवून ठेवलेलं असतं. साडीला यातलं काही नाही. साडेपाच मीटरचं सलग कापड, आणि ते अंगावर राहतं ते खोचण्याच्या आणि घर्षणाच्या भरवशावर. निऱ्यांत थरावर थर, प्रत्येक थर शेजारच्याला घासणारा आणि एकालाही दुसऱ्यातून जायची परवानगी नाही. त्यात जरीचा काठ अंगापेक्षा जड आणि ताठ, पदर आणखी निराळा, म्हणजे एकाच कापडाचे तीन स्वभाव. नऊवारी असेल तर कासोटा दोन पायांमधून मागे गेलेला, चालताना दर पावलाला चिमटीत सापडणारा. दोन्ही नकार इथे एकाच वेळी, सगळीकडे, पूर्ण कसोटीला लागतात.

नकारांची बाजू आता भक्कम आहे. मिन्चेन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडलेल्या पद्धतीत दोन पृष्ठभाग जवळ येऊ लागले की विरोध वाढत वाढत अमर्याद होतो, त्यामुळे ओलांडण्याची सोयच राहत नाही. पुढच्या वर्षी ती कापडासारख्या पातळ वस्तूंसाठीही आली. वेळ फार खाते, पण शब्दाची पक्की आहे. साडीला याहून एक गोष्ट जास्त लागते. नऊवारी नेसलेली बाई शेतात वाकते, गाडीवर बसते, फुगडी घालते, आणि खोचलेलं सुटत नाही. तिथे कापड कोणाला नाही म्हणत नसतं. स्वतःच स्वतःला धरून असतं. हे धरून ठेवणं म्हणजे स्थिर घर्षण. हजारो ठिकाणी एकाच वेळी, सरकण्याच्या काठावर, न सरकता राहायचं. गणितात चालतं कापड सोपं, थांबलेलं कठीण. म्हणून पडद्यावरच्या साडीच्या निऱ्या सहसा आधीच रचून घेतात आणि कंबरेच्या ओळीवरचे ठिपके थेट अंगाला जखडून टाकतात.

नाही म्हणायला हे कापड चाळीसेक वर्षांत शिकलं. साडी त्याला नेसवता येते. स्वतःच्या भरवशावर ती अंगावर ठेवायला ते शिकेल तेव्हा शिकेल. तोवर कंबरेला टाचण्या.